नफ्सचाही हक्क आहे

(पेण आणि रोहा परिसरातल्या मुस्लिम युवक-युवतींसमोर रोहा येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)





मला दिलेल्या कागदावर विषय असा लिहिला होता: 'स्वतःची किंमत आणि ताकद ओळखा'. विषय चांगला आहे, पण मला त्याची थोडी भीती वाटते. या नावाची भाषणं तुमच्या मोबाइलवर रोज येतात. सूट घातलेला एक माणूस स्टेजवर येरझाऱ्या घालत सांगतो की तू सिंह आहेस. आपण ऐकतो, अर्धा तास सिंह होतो. मग घरात कोणीतरी विचारतं, "निकाल लागला का रे?" आणि तिथेच सिंह संपतो. म्हणून मी दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करते. आपण स्वतःशी बोलतो कसे, तिथून.

रात्री दिवा बंद झाल्यावर जे बोलणं चालतं, ते आठवा. मुलांशी बोलताना मी हे अनेकदा विचारते आणि उत्तरं साधारण सारखीच येतात. "मी निकम्मा आहे." "मी घरावर ओझं आहे." "माझ्यातच काहीतरी खोट आहे." एका मुलीने सांगितलं, "मी मनहूस आहे, म्हणून अब्बांचं काम गेलं." हीच वाक्यं कोणी तुमच्या धाकट्या बहिणीला बोललं असतं, तर तुम्ही त्याची कॉलर धरली असती. स्वतःला मात्र आपण हे दररोज ऐकवतो, आणि वर समजतो की ही नम्रता आहे, हे दीनदारीचं लक्षण आहे.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत एक लहानशी हदीस आहे, हजरत आयशा (रजि.) यांच्याकडून आलेली. जुम्म्याच्या बयानात ती फारशी ऐकू येत नाही. मन उदास, मळमळलेलं असलं की अरबी बोलण्यात लोक 'खबुसत नफ्सी' असा शब्द वापरत. त्यात खबीस हा शब्द आहे, म्हणजे घाणेरडं, नापाक. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितलं की असं कोणी म्हणू नये, त्याऐवजी 'लकिसत' म्हणावं, म्हणजे जीव कसनुसा झालाय, मन खट्टू आहे. बघा, भावना नाकारलेली नाही. "छे, तुला काही झालेलं नाही, हसत राहा" असंही म्हटलेलं नाही. त्रास होतोय तर त्रास होतोय म्हणा, पण स्वतःच्या जिवाला नापाक म्हणू नका. एका शब्दाचा फरक आहे, आणि माझ्या मते आजच्या सगळ्या विषयाचं मूळ तिथेच आहे. "मी नापास झालो" हे वाक्य खरं असू शकतं. "मी नापास माणूस आहे" हा निवाडा आहे, आणि तो देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.

इथे काही जणांच्या मनात शंका आली असेल. पुढच्या रांगेतल्या एकाच्या चेहऱ्यावर तर ती लिहिलेलीच आहे. नफ्स तर आपला शत्रू ना? लहानपणापासून ऐकलं की नफ्सशी जिहाद करायचा, त्याला मारायचं. मग त्याच्यावर दया कसली?

शंका बरोबर आहे, आणि तिला टाळून पुढे जाणं मला आवडणार नाही. कुरआनात नफ्सचं बोलणं एकाच प्रकारे आलेलं नाही. वाईटाकडे ढकलणारा 'अम्मारा' आहे, चूक झाल्यावर स्वतःला टोचणी लावणारा 'लव्वामा' आहे, आणि शांत झालेला 'मुत्मइन्ना' आहे. सूरह कियामाच्या सुरुवातीला तर त्या टोचणाऱ्या नफ्सची शपथ आली आहे, म्हणजे टोचणीला मान आहे. पण टोचणी आणि शिवी यांत फरक आहे. टोचणी म्हणते, तू अम्मीशी वाईट बोललास, जा, माफी माग. शिवी म्हणते, तू मुळातच वाईट आहेस. टोचणी लागली की माणूस उठून काहीतरी करतो, शिवीने तो अंथरुणातच पडून राहतो. तौबा म्हणजे काय, हे उलेमांनी फार साधं सांगून ठेवलंय: चूक थांबवायची, पस्तावा व्हायचा, पुन्हा न करण्याचा इरादा करायचा, आणि कोणाचा हक्क मारला असेल तर तो परत करायचा. या यादीत 'महिनाभर स्वतःला शिव्या द्यायच्या' असं कलम कुठेच नाही. सूरह जुमरमध्ये ज्यांनी स्वतःवरच अतिरेक केला, अशा माणसांना अल्लाह 'माझे बंदे' म्हणून हाक देतो आणि रहमतीपासून निराश होऊ नका असं सांगतो. गुन्हा केलेल्यालाही हाक मारताना नातं तोडलेलं नाही, आणि आपण मात्र एका पेपरसाठी स्वतःशी नातं तोडून बसतो.

आता मी तुम्हाला एक प्रसंग जरा सावकाश सांगते. तो घाईने सांगण्यासारखा नाही.

मदिनेत आल्यावर प्रेषितांनी (स.) लोकांना जोडीजोडीने भाऊ बनवलं. त्यातली एक जोडी होती हजरत सलमान फारसी आणि हजरत अबू दरदा (रजि.). सलमान इराणचे. घरदार सोडून आलेले, वाटेत गुलाम म्हणून विकले गेलेले, भाषाही वेगळी. अबू दरदा मदिनेचेच, आणि इबादतीत बुडालेले. एके दिवशी सलमान त्यांच्या घरी गेले, तर वहिनी, उम्मे दरदा, अगदी मळक्या साध्या कपड्यांत. सलमाननी विचारलं, हे काय? त्या म्हणाल्या, तुमच्या भावाला या दुनियेशी काही देणंघेणंच राहिलं नाही. म्हणजे एका माणसाने स्वतःकडे दुर्लक्ष केलं की त्याचं पहिलं नुकसान घरात दिसतं. ही गोष्ट त्या बाईच्या कपड्यांवरून कळते.

अबू दरदा आले, त्यांनी पाहुण्यांपुढे जेवण ठेवलं आणि म्हणाले, तुम्ही जेवा, माझा रोजा आहे. नफ्ल रोजा होता. सलमान म्हणाले, तुम्ही जेवल्याशिवाय मी घास घेणार नाही. तेव्हा ते जेवले. रात्र झाली, अबू दरदा नमाजला उभे राहू लागले. सलमान म्हणाले, झोपा. ते झोपले, थोड्या वेळाने पुन्हा उठले. पुन्हा, झोपा. रात्रीचा शेवटचा भाग आला तेव्हा सलमान स्वतः म्हणाले, आता उठा. मग दोघांनी मिळून नमाज पढली. त्यानंतर सलमाननी सांगितलं की तुमच्या रब्बचा तुमच्यावर हक्क आहे, तुमच्या नफ्सचा आहे, आणि घरच्यांचाही आहे. ज्याचा हक्क त्याला द्या. अबू दरदा यांनी हे सारं प्रेषितांना (स.) सांगितलं, आणि प्रेषितांनी सलमान यांचं म्हणणं खरं ठरवलं.

या प्रसंगात मला दोन गोष्टी फार आवडतात. एक म्हणजे शब्द 'हक्क' असा आहे. स्वतःला झोप देणं, जेवण देणं, याला लाड म्हटलेलं नाही. हक्क म्हणजे मारला तर जाब द्यावा लागेल अशी गोष्ट. दुसरी गोष्ट, सलमान यांनी आधी भाषण दिलं नाही. आधी जेवायला बसवलं, मग झोपवलं, मग सोबत नमाज पढली, आणि उपदेश सगळ्यात शेवटी, दोन ओळींचा. आपल्याकडे क्रम उलटा असतो. मुलगा उदास दिसला की पहिल्यांदा बयान, आणि जेवण झालं का हे कोणी विचारतच नाही.

तुमच्यातली जी मुलगी नीटच्या अभ्यासासाठी पहाटे चारला उठते आणि भांडी घासून रात्री बाराला झोपते, जो मुलगा धाटावच्या एमआयडीसीत रात्रपाळी करून तसाच कॉलेजात येऊन बसतो, त्यांच्या शेजारी एक सलमान हवा. आणि कोणी नसेल, तर ते काम काही काळ स्वतःलाच करावं लागतं.

मानसशास्त्रात यावर बरंच काम झालंय. अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातल्या क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये स्वतःविषयीच्या करुणेची नीट मांडणी केली. त्यांनी तीन भाग सांगितले: स्वतःशी कठोर न होता प्रेमाने वागणं, हे दुःख एकट्या माझं नाही हे ओळखणं, आणि वेदना जेवढी आहे तेवढीच पाहणं, ना दाबणं ना फुगवणं. आता कोणी म्हणेल, असं केलं तर पोरं आळशी होतील. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी २०१२ मध्ये नेमकं हेच तपासलं. विद्यार्थ्यांना शब्दांची अवघड परीक्षा दिली, जी बहुतेकांना जड जाणार होती. नंतर काहींना सांगितलं की ही परीक्षा अवघडच आहे, असं होतं, स्वतःवर फार कडक होऊ नका. काहींना सांगितलं की तुम्ही इथे आलात म्हणजे हुशारच आहात. काहींना काहीच सांगितलं नाही. मग पुढच्या परीक्षेसाठी अभ्यासाला वेळ दिला. ज्यांना स्वतःशी मऊ वागायला सांगितलं होतं, त्यांनी सगळ्यात जास्त वेळ अभ्यास केला. 'तू हुशार आहेस' वाल्यांनी नाही. म्हणजे तो सूटवाला सिंह इथेही हरला.

धीर धरण्याची क्षमता आपल्यात नाही असं म्हणू नका. मुंबई-गोवा महामार्गाचं काम आपण किती वर्षं बघतोय? खड्डे मोजत, वळणं घेत, चहा पीत आपण त्याला वेळ देतो. त्यातला चौथा हिस्सा सब्र स्वतःच्या अर्धवट कामांसाठी ठेवला तरी पुरे.

आता जरा कठीण भागाकडे येते. कारण स्वतःविषयीचे सगळेच वाईट शब्द आपण स्वतः तयार केलेले नसतात, काही बाहेरून येतात. "तुमचं मराठी किती छान आहे हो!" हे वाक्य इथे किती जणांनी ऐकलंय? हात खाली घ्या, मोजायची गरज नाही. बोलणारा बहुतेक वेळा प्रेमानेच बोलतो. पण ऐकणाऱ्या मुलाची आजी, पणजी कोकणातल्या, त्यांच्या तोंडी हीच बोली, आणि त्याला त्याच्याच घरात पाहुणा असल्यासारखं कौतुक मिळतं. मग खोली भाड्याने मागताना नाव सांगितल्यावर येणारी ती शांतता. मग घरातलं: चाचांचा मुलगा दुबईला लागला, तू काय केलंस? रंग सावळा आहे, स्थळ येईल का? हे सगळं साठत जातं आणि रात्री दिवा बंद झाल्यावर आपल्याच आवाजात बोलू लागतं.

यावर आपल्या सभांमध्ये एक ठरलेला इलाज असतो. आपण फार लवकर बगदाद आणि कुर्तुब्याला जातो. अमुक शोध आपला, तमुक विद्या आपली. मला त्या इतिहासाचा आदर आहे, पण रोह्याच्या मुलाला एवढ्या लांब पाठवायची गरज काय? पेणहून इथे येताना नागोठणं लागतं. तिथे एक जुना दगडी पूल आहे. जुन्या कुलाबा गॅझेटियरमध्ये नोंद आहे की १५८२ च्या सुमारास चौलच्या काझी अलाउद्दीन यांनी तो बांधवला. कोणाची जात, कोणाचा दीन न विचारता पूल सगळ्यांना पलीकडे नेतो. आणि पेण तालुक्यातल्याच गागोद्याला १८९५ मध्ये जन्मलेले विनोबा अरबी शिकले, कुरआन मुळातून वाचलं आणि त्याचं सार काढून पुस्तक केलं. त्यांना वाटलं नाही की ही भाषा परक्याची आहे. मग मराठी आपल्याला परकी कशी होईल?

पण हेही मी लगेच सांगते: काझी साहेबांनी पूल बांधला म्हणून तुमची किंमत ठरत नाही. उद्या कोणी सिद्ध केलं की पूल दुसऱ्याच कोणी बांधला, तर काय तुमची किंमत कमी होणार? सूरह इस्रामध्ये अल्लाहने इज्जत दिल्याचं सांगितलंय ते आदमच्या लेकरांना. त्यात नोकरीची अट नाही, गुणांची नाही, गोरेपणाची नाही, पूल बांधलेला पूर्वज असण्याचीही नाही. त्यात शेजारचा पाटीलही आला, कातकरी वाडीतली बाईही आली. जी इज्जत सगळ्यांना मिळाली आहे, ती मलाही आहे. आणि जी मला आहे, ती दुसऱ्याची काढून घ्यायचा मला अधिकार नाही.

पेणच्या माणसांना अजून एक गोष्ट मी सांगायला नको, पण रोह्याच्या मुलांसाठी सांगते. २०१० मध्ये पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. गणपतीच्या मूर्ती घडवणारे, पापड-मिरगुंडं करून विकणाऱ्या बाया, निवृत्त शिक्षक, आपले लोकही. अशा वेळी माणूस आधी स्वतःलाच बोल लावतो: मीच मूर्ख, मीच तिथे ठेवले. पुढे ठेवीदार एकत्र आले, संघर्ष समिती झाली, वर्षानुवर्षं कोर्टकचेरी आणि मोर्चे झाले. सगळ्यांचे सगळे पैसे मिळाले असं मी म्हणणार नाही. पण 'माझीच चूक' म्हणणाऱ्याला रांगेत उभ्या दुसऱ्या माणसाने 'माझंही असंच झालं' म्हटलं, की मान वर होते. नेफ ज्याला 'हे दुःख एकट्या माझं नाही' म्हणतात, ते आपल्या बाजूला असं घडलं.

ताकदीबद्दल बोलायचं राहिलं. सूरह दुहा तुम्हाला पाठ आहे. ती कधी उतरली ते आठवा. वही काही काळ थांबली होती, विरोधक टोमणे मारत होते की तुझ्या रब्बने तुला सोडलं. त्या दुःखावर ही सूरह आली. आधी दिलासा, मग आठवण: तू यतीम होतास, तुला आसरा मिळाला. आणि त्यानंतर लगेच काम: यतीमवर जोर करू नकोस, मागणाऱ्याला झिडकारू नकोस. ज्या जागी जखम होती, तिथूनच दुसऱ्यासाठी करायचं काम निघालं.

आपल्याच जिल्ह्यात महाडला, मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याचं पाणी प्यायले, त्यानंतर परिषदेला आलेल्या माणसांना मारहाण झाली. तेव्हा काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. डिसेंबरमध्ये पुन्हा परिषद ठरली, तर मांडवाला जागा मिळेना. तेव्हा फत्तेखान नावाच्या गृहस्थांनी आपली जागा दिली. त्यांच्याविषयी आपल्याला याहून फार काही सांगता येत नाही. ते मोठे पुढारी नव्हते. त्यांच्या हातात जमीन होती, ती त्यांनी त्या दिवशी दिली, आणि बाबासाहेबांच्या लढ्याचा इतिहास लिहिणाऱ्यांना त्यांचं नाव घ्यावं लागतं. तुमच्या हातात आज काय आहे? फॉर्म भरता येणं, हेही आहे. तहसील कचेरीत घाबरणाऱ्या खालाबरोबर जाऊन उभं राहणं, हेही आहे. लहान वाटतं, कारण आपण ताकद म्हणजे खुर्ची समजतो.

मुद्दाम शेवटी ठेवलेली एक गोष्ट. इथे बसलेल्यांपैकी एखाद्याला माझं हे सगळं बोलणं लांबून ऐकू येत असेल. झोप येत नाही, खाल्लेलं उतरत नाही, जगावंसं वाटत नाही. त्याला कोणी सांगितलं असेल की ईमान कमी आहे. १०९५ मध्ये बगदादच्या निजामियात शिकवणारे इमाम गजाली (रह.) असेच गळून गेले. वर्गात बोलायला जावं तर जीभ हलेना, अन्न पाणी घशाखाली जाईना. हकीमांनी सांगितलं की दुखणं मनातून शरीरात उतरलंय. हे गजालींनी स्वतः लिहून ठेवलंय, लपवलं नाही. त्यांच्या ईमानवर बोट ठेवणारे आपण कोण? आणि इलाज करून घ्या असं तर प्रेषितांनीच (स.) सांगितलंय. ताप आला की दवाखान्यात जातो, तसंच हे. सरकारची टेली-मानस सेवा आहे, नंबर १४४१६, फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. आत्ताच मोबाइलमध्ये घालून ठेवा, स्वतःसाठी नको तर मित्रासाठी. अम्मीला सांगता येत नसेल तर फुफीला सांगा, मोठ्या बहिणीला सांगा, एखाद्या सरांना सांगा. पण एका माणसाला नक्की सांगा.

आता माझं बोलणं थांबवते. दाराजवळ एक डबा ठेवलाय आणि चिठ्ठ्या आहेत. ज्यांना सगळ्यांसमोर विचारायचं नाही त्यांनी नाव न लिहिता प्रश्न टाकावा, चहानंतर मी एकेक वाचेन. पेणला परतणाऱ्यांनी गाडीची वेळ बघून ठेवा, आणि आधी समोसे खाऊन घ्या. सकाळपासून काही खाल्लेलं नाही असे चार-पाच चेहरे मला इथून दिसतायत.